फिजिओ आली की मी बाथरूममध्ये जाऊन बसते

पत्र

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६३. कराडजवळच्या एका गावात मुलगा-सुनेजवळ राहते. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून पाच आठवडे झाले. ऑपरेशन चांगलं झालं, टाके सुकले, वॉकर सुटून हातात काठी आली. पण गुडघा वाकत नाही. आठवड्यातून तीनदा एक फिजिओ घरी येते, माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान पोरगी आहे. ती पाय धरून वाकवते तेव्हा जीव जातो. ओरडले की म्हणते, ‘आजी, थोडं सहन करा.’ मध्येच मोबाईल वाजला तर बघते. गुडघ्याचं वाकणं आधी ७२ अंश होतं, आता ७८ वर अडकलंय. तिने नेमून दिलेले व्यायाम दिवसातून चार वेळा करायचे असतात. मी एकदा करते, कधी तेही नाही. पण तिने विचारलं की ‘हो, केले’ म्हणते. जन्मभर मुलांचे गृहपाठ तपासले आणि आता मीच थापा मारते! हल्ली तिच्या स्कूटीचा आवाज आला की बाथरूममध्ये जाऊन बसते. गोळ्यांनी किडनी जाते असं ऐकलं, म्हणून दुखण्याच्या गोळ्या दुसऱ्याच आठवड्यात बंद केल्या. हे कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे बघू, ९० च्या पुढे गेला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. मुलगा चिडतो, म्हणतो एवढे पैसे घातले आणि तू काही करत नाहीस. शेजारच्या काकू म्हणतात, ही पोरगी काय डॉक्टर आहे का, आमच्या ओळखीचा मालिशवाला आहे, तेल आणि शेक देऊन आठ दिवसांत वाकवून देतो. मला फक्त पूर्वीसारखं एसटीने एकटीला सांगलीला बहिणीकडे जाता यायला हवं. फिजिओ बदलू का?

उत्तर

बाई,

आत्ता बदलू नका. निदान पुढचे दोन आठवडे तरी नको. त्याआधी त्या मुलीला खरं काय ते सांगा, कारण ती गेले पाच आठवडे ज्या गुडघ्यावर उपचार करते आहे, तो तुमचा गुडघाच नाही. तिच्या हिशेबातल्या गुडघ्याला दिवसातून चार वेळा व्यायाम मिळतो, वेळच्या वेळी गोळ्या मिळतात, आणि तरीही तो वाकत नाही. असा गुडघा समोर आला की कुणीही फिजिओ हेच म्हणेल की आत ताठरपणा धरायला लागलाय, हाताचा जोर वाढवायला हवा. ती तेच करते आहे. तुमचा जीव जातो तो तिच्या हातामुळे, आणि तिच्या हातात तो जोर आला तुमच्या ‘हो, केले’मुळे.

तुम्ही गृहपाठाची गोष्ट काढलीत म्हणून सांगते. मुलाने गृहपाठाबद्दल थाप मारली तर फार तर छडी चुकते किंवा गुण जातात, बाईंचा पुढचा धडा काही चुकत नाही. इथे पुढचा धडाच चुकतो. फिजिओथेरपीत औषधाची मात्रा म्हणजे व्यायाम: किती वेळा, किती जोराने, किती वेळ धरून ठेवायचा. रक्तदाबाची गोळी न घेता डॉक्टरांना ‘घेते’ म्हणून सांगितलं, तर ते गोळी वाढवतील. तसंच हे आहे.

आता गुडघ्याच्या आत काय चाललंय ते बघू. कुणी पाय धरून जोराने वाकवायला लागलं आणि तुमच्या मनात भीती असली, की मांडीचा पुढचा मोठा स्नायू आपोआप घट्ट होतो. तुम्ही ठरवून करत नाही, शरीर स्वतःला वाचवतं. तो स्नायू गुडघा सरळ करणारा आहे. म्हणजे ती वाकवते आहे आणि तुमचाच स्नायू उलट बाजूने ओढतो आहे. या ओढाताणीत दोन-चार अंश मिळतात आणि संध्याकाळी सूज चढते. सूज आली की तोच स्नायू नीट कामाला लागत नाही, पाय जड होतो, टाच उचलायला त्रास होतो. दुसऱ्या दिवशी व्यायाम करावासा वाटत नाही. तिसऱ्या दिवशी ती येते, कोन मोजते, आकडा तिथेच. ती म्हणते, आज जरा जास्त करू. स्कूटीचा आवाज ऐकून तुम्ही बाथरूममध्ये का जाता हे मला अगदी कळतं. तुमचं शरीर त्या आवाजालाच आखडायला शिकलंय.

हे चक्र तिला एकटीला तोडता येणार नाही, तुम्हालाही एकटीला नाही. ती आठवड्यातून तीनदा येते, पाऊण-पाऊण तास म्हटलं तर सव्वादोन तास. आठवड्याचे तास १६८. उरलेल्या सगळ्या वेळात गुडघा तुमच्या ताब्यात असतो, आणि जखम भरताना नव्या सांध्याभोवती जो व्रण धरतो तो त्याच वेळात मऊ राहतो किंवा घट्ट होतो. तिने वाकवलेले चार अंश तुम्ही दिवसभर वापरले नाहीत, तर दोन दिवसांनी ती येईपर्यंत ते गेलेले असतात. आठवडेच्या आठवडे ७८ वर अडकण्यामागे बहुधा एवढंच आहे. बहुधा म्हणते, कारण मी तुमचा पाय पाहिलेला नाही.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलणार आहे. दुखण्याच्या काही गोळ्या दीर्घकाळ, स्वतःच्या मनाने घेतल्या तर किडनीला त्रास होऊ शकतो हे खरं आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीच किडनीची तक्रार असलेल्यांनी तर फारच जपायला हवं. पण म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्याच आठवड्यात सगळ्याच बंद करायच्या आणि कुणाला सांगायचंही नाही, हा शहाणपणा नव्हे. सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. तुमच्या डॉक्टरांना आज फोन करा आणि असं विचारा: ‘मी गोळ्या बंद केल्या होत्या, किडनीची भीती वाटली. माझ्या तब्येतीला चालेल असं काय घेऊ, किती दिवस, आणि व्यायामाच्या किती आधी?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याच वेळा गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात, म्हणजे ऐन वाकवण्याच्या वेळी तिचा उपयोग होतो. जुन्या डब्यात उरलेली पट्टी काढून स्वतःहून सुरू करू नका.

उशी. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण विचारते: झोपताना गुडघ्याखाली उशी घेता का? जवळजवळ सगळेच घेतात, कारण अर्धवट वाकलेला गुडघा सुखावतो. घरचे मायेने ठेवतात. ती उशी आजच काढा. गुडघा वाकण्याची काळजी सगळे करतात, पण तो पूर्ण सरळ होणं तितकंच महत्त्वाचं असतं. तासन्‌तास उशीवर राहिला की तो किंचित वाकलेलाच राहायला लागतो, मग चालताना लंगड येते आणि मांडी लवकर दमते. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली, गुडघा अधांतरी राहील अशी. फिजिओने कदाचित हे पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता त्या मुलीशी बोलायचं कसं. तुम्ही वर्ग सांभाळलेल्या बाई आहात, तुम्हाला शब्द मी काय देणार, पण रुग्ण झालं की भल्याभल्यांची वाचा बसते हे फिजिओ म्हणून मी रोज बघते. कलेक्टर कचेरीत दरारा असलेले साहेब माझ्यासमोर पाय पसरून बसले की ‘बरं, बरं’ करतात आणि घरी जाऊन काही करत नाहीत. पुढच्या वेळी ती आली की पाय हातात देण्याआधी खुर्चीत बसा, तिलाही बसवा आणि सांगा: ‘मी आजवर व्यायाम केले म्हणून सांगत होते, ते खरं नाही. दिवसातून एकदा होतात, कधी तेही नाही. गोळ्याही बंद होत्या. मला वाकवण्याची भीती वाटते.’ एवढी वाक्यं पुरेत. कारणं देत बसू नका, माफीही मागू नका.

ती रागावेल का? क्षणभर तिचा चेहरा पडेल कदाचित. पण चांगली असेल तर तिला हायसं वाटेल. तिलाही पाच आठवडे प्रश्न पडला असणार की आपलं काय चुकतंय, आणि डॉक्टरांचा तीन आठवड्यांचा इशारा तिच्याही डोक्यावर आहे. आकडा वाढला नाही तर बोल तिला लागणार.

मग तुमच्या तक्रारी. त्या खऱ्या आहेत आणि सांगायलाच हव्यात. हातात रुग्णाचा पाय असताना मोबाईल बघणं ही चूक आहे, त्यात दुसरी बाजू नाही. ‘माझा पाय हातात असेपर्यंत फोन बाजूला ठेव,’ असं तुम्ही वर्गात म्हणाल तसंच म्हणा. वाकवण्याआधी ‘आता वाकवते’ असं तिने सांगायला हवं. आणि ‘थांब’ म्हटलं की थांबायला हवं, हा नियम आधी ठरवून घ्या. यात गंमत अशी की, थांबता येतं हे एकदा शरीराला पटलं की थांबवायची वेळ कमी येते. मांडी सैल पडते आणि जोर न वाढवता कोन वाढतो. पर्याय म्हणून तिला विचारा की मीच माझा पाय वाकवला तर चालेल का. खुर्चीच्या कडेला बसून डाव्या पायाने उजवा पाय मागे ढकलायचा, किंवा गादीवर टाच घसरवत जवळ आणायची, पायाला टॉवेल लावून हाताने ओढायचं. या पद्धती तिला माहीत असतातच. स्वतःच्या हातात दोरी असली की माणूस जास्त सहन करतो.

‘आजी’ म्हटलेलं टोचत असेल तर तेही सांगा. ‘बाई म्हण’ एवढंच. आमच्या क्षेत्रातल्या पोरापोरींना सरसकट सगळ्यांना आजी-आजोबा करायची सवय लागली आहे. प्रेमाने म्हणतात, पण त्यात समोरच्याला लहान मूल करून टाकतात.

दुखणं किती चालेल, यावर तुमचं दोघींचं एकमत व्हायला हवं. ‘सहन करा’ हे माप नाही. आम्ही शून्य ते दहा असं विचारतो: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. ताणताना चार-पाचपर्यंत जाणं, थांबल्यावर थोड्या वेळात उतरणं आणि दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या दिवसाइतकाच असणं, हे ठीक. रात्रभर ठणका लागला, सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा फुगलेला दिसला, तर काल जास्त झालं. म्हणजे व्यायाम बंद करायचा असं नाही. मात्रा कमी करायची, आणि हे तिला सांगायचं. ती आल्यावर कोन मोजते, पण रात्रीचा ठणका मोजायचं यंत्र तिच्याकडे नाही. ते फक्त तुमच्या तोंडून कळतं.

म्हणून एक वही करा. शिक्षिकेला वही नवीन नाही. रोजचं पान: किती वेळा व्यायाम झाला, त्या वेळी दुखणं कितीवर होतं, सकाळी सूज कशी होती. न झालेल्या दिवशी ‘झाला नाही’ लिहा आणि का ते लिहा. पाहुणे होते, लाईट गेली होती, कंटाळा आला. ‘कंटाळा’ लिहायला लाजू नका, कारण त्यावरून तिला कळेल की नेमून दिलेल्या सगळ्या व्यायामांच्या जागी दोनच ठेवावेत. फिजिओला मी नेहमी सांगते, घरी देताना कागदभर व्यायाम देऊ नका, माणूस एकही करत नाही. तुम्हीही तिला स्पष्ट विचारा: ‘यातले दोनच करायचे झाले तर कुठले?’ त्या एका प्रश्नाने बराच कचरा निघून जातो.

आणि एकदम अर्धा तास बसून करू नका. पाच-सात मिनिटं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. सकाळच्या चहानंतर, अंघोळीनंतर पाय ऊबदार असताना, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळच्या मालिकेतल्या जाहिरातींत. नंतर पंधरा-वीस मिनिटं टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ, पाय हृदयापेक्षा उंच ठेवून. बघायला येणाऱ्या मंडळींचं काय करायचं हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. त्यांच्यासमोर शिष्टाचार म्हणून दोन-दोन तास पाय खाली सोडून बसलात तर संध्याकाळी गुडघा भोपळा होणार. त्यांच्यासमोरच टाच घसरवायला घ्या. वाईट वाटून कुणी लवकर उठलं तर उठू दे.

आकड्यांबद्दल. मला वाटतं तुमच्या लेखी ९० हा परीक्षेतल्या पासापुरता आकडा झालाय, आणि तो दुसऱ्याने ठरवलेला. त्याचा तुमच्या सांगलीशी संबंध लावून बघा. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५-७० अंश पुरतात, म्हणून तुम्ही घरात व्यवस्थित वावरता आणि ‘बरंय की’ असं वाटत राहतं. जिना पायरीमागे पायरी चढायला ८५ च्या आसपास लागतात, उतरायला ९० ते १०० आणि हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठायलाही नव्वदच्या वर. एसटीची पायरी घरच्या जिन्यापेक्षा उंच असते, शिवाय आतल्या सीटांमध्ये पाय दुमडून बसायचं असतं. म्हणजे ७८ वर सांगली नाही. १०५-११० वर आरामात आहे, आणि तुमच्या ऑपरेशननंतर तिथपर्यंत पोहोचणं ही काही जगावेगळी अपेक्षा नाही. त्या मुलीला हे सांगितलंय का, की तुम्हाला एसटीत चढायचंय? माझी पैज आहे, नाही. सांगा. मग ती बारा इंचांचं स्टूल आणून तुम्हाला त्यावर चढायला शिकवेल, कुठला पाय आधी टाकायचा, दांडा कुठल्या हाताने धरायचा ते दाखवेल. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा, हे तिने तुमच्याकडून घोटून घेतलं पाहिजे.

मांडी घालून जमिनीवर बसण्याची आशा मनात असेल तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. बहुतेक सर्जन नव्या गुडघ्याला उकिडवं बसणं आणि मांडी घालणं टाळायलाच सांगतात. पूजा खुर्चीत बसून होते.

भूल देऊन वाकवण्याची एवढी धास्ती घेऊ नका, पण ती सुटका आहे असंही समजू नका. त्यात भूल देऊन स्नायू सैल करतात आणि सर्जन गुडघा वाकवून आतले चिकटलेले पडदे मोकळे करतात. साधारणपणे ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत केलं तर त्याचा फायदा जास्त, म्हणून डॉक्टर आत्ता तारीख सांगतात. ती धमकी नाही. पण ते झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्यायाम सुरू करावे लागतात, हेच, अशीच कुणीतरी मुलगी, आणि ताज्या दुखऱ्या गुडघ्यावर. व्यायाम टाळायला म्हणून तो रस्ता घेतला तर तो फिरून तिथेच येतो. प्रामाणिकपणे सगळं करूनही करावं लागलं तर मात्र त्यात तुमचा दोष शोधू नका. काही शरीरांत व्रणच जाड धरतो, त्याला कुणी काही करू शकत नाही.

शेजारच्या काकूंच्या मालिशवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. पाच आठवड्यांच्या व्रणावर तेल चोळणं आणि ताकद लावून गुडघा मोडल्यासारखा वाकवणं, दोन्ही धोक्याचं. शेकाच्या नावाखाली कुणी डायथर्मीचं, म्हणजे विजेच्या लहरींनी आतपर्यंत ऊब देणारं, यंत्र आणलं तर त्याला आतमध्ये धातू आहे हे सांगा, त्या यंत्राचा शेक धातूच्या सांध्यावर देत नाहीत. आणि ती पोरगी काय डॉक्टर आहे का, याचं उत्तर असं की ती सर्जन नाही, पण बारावीनंतर साडेचार वर्षं हेच शिकून आली आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली हे शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या साथीनंतर, मुलांना पुन्हा पायावर उभं करायला. तेव्हापासून आजवर या शास्त्राने एक गोष्ट सोडलेली नाही, ती म्हणजे आधी मोजायचं, मग ठरवायचं. मालिशवाला मोजत नाही. यंत्रांचंही थोडं असंच. काही घरांतून ‘ती आपोआप पाय वाकवणारी मशीन भाड्याने आणू का’ असा फोन येतो. त्या यंत्राचे बरेच अभ्यास झाले आहेत आणि त्याने वाकण्यात लक्षात येईल असा फरक पडत नाही असं दिसलं आहे. गुडघा यंत्राने हलतो, स्नायू झोपलेलाच राहतो.

तुमच्या मुलाला हे पत्र वाचायला द्या, म्हणजे पुढचा परिच्छेद त्याच्यासाठी.

दादा, आई काही करत नाही असं तिच्या देखत फिजिओला सांगू नकोस. त्यामुळेच ती ‘केले’ म्हणते. तू रोज आकडा विचारू नकोस, तो रोज हलत नाही, आठवड्याने बघ. ऑपरेशनला लाखांत खर्च झाल्यावर फिजिओच्या फेऱ्यांत काटकसर करायची पद्धत आपल्याकडे आहे, ती या तीन आठवड्यांत करू नका, हवं तर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा. आणि फिजिओ असताना तू खोलीबाहेर थांब. बोलणं त्या दोघींचं होऊ दे.

बाई, फिजिओ कधी बदलायची तेही सांगते. खरं सांगून झाल्यावर, दोन आठवड्यांत, ती कोन मोजून तुम्हाला सांगत नसेल, ‘थांब’ म्हटल्यावर थांबत नसेल, घरच्या व्यायामाची चौकशी न करता नुसतं यंत्र लावून जात असेल, किंवा का वाकवायचं हे विचारल्यावर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढंच म्हणत असेल, तर बदला, आणि संकोच करू नका. दुसरी शोधताना तिची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात अपमान नाही. दुखतं एवढ्या एकाच कारणासाठी बदलू नका. नवीन येईल तीही वाकवेलच.

घाईची गोष्ट वेगळी. पोटरीत एकाच जागी दुखू लागलं, पोटरी सुजली किंवा गरम झाली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, तर फिजिओची वाट बघू नका, त्याच तासाला रुग्णालयात जा. गुडघा स्पर्शाला थोडा ऊबदार लागणं आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं मात्र महिनोन्‌महिने राहू शकतं, त्याला घाबरू नका. हेही तिला विचारलं नसेल तर विचारा.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या, आणि फिजिओकडून दर भेटीचे कोन एका कागदावर लिहून घ्या: वाकणं आणि सरळ होणं, दोन्ही. शक्य असेल तर तिला डॉक्टरांशी फोनवर बोलू द्या. आकडा ८८ वर असेल आणि दर आठवड्याला चढत असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतील. ७८ वरच असेल तर भूल देण्याबद्दल ते बोलतील, आणि तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतील.